छायाचित्रांची पेटी आणि सामान्य गृहस्थ

यंत्रावर प्रेम करणारा माणूस निराळा आणि यंत्राकडून एखादें काम करून घेऊं इच्छिणारा माणूस निराळा. पहिल्याला घड्याळ उघडून त्यांतलीं चक्रें पाहावींशीं वाटतात. दुसऱ्याला गाडी चुकूं नये एवढीच काळजी असते. जगांत दुसऱ्या प्रकारचीं माणसें फार आणि पहिल्या प्रकारचीं थोडीं. पण यंत्रें बनविण्याचें काम मात्र साहजिकपणेंच या थोड्यांच्या हातीं असतें. त्यामुळें पुष्कळ यंत्रें अशीं निघतात कीं, तीं बनविणाऱ्याच्याच जातकुळीच्या लोकांना आवडावींत. सामान्य गृहस्थ त्यांच्याकडे दुरून पाहतो, कौतुकानें मान डोलावतो आणि आपल्या कामाला लागतो. मग एखादे दिवशीं एखादी अगदीं साधी वस्तु बाजारांत येते. जाणत्यांना ती खेळण्यासारखी वाटते; तिला जागा मात्र घरोघर मिळते. असें कां व्हावें? लोकांना सोपें हवें असतें, हें याचें नेहमींचें उत्तर. तें खोटें नाहीं, पण अपुरें आहे. तें सोपें कोणासाठीं झालें आणि कोणाच्या कष्टानें झालें, हें पाहिल्याखेरीज त्याचा उलगडा होत नाहीं. याचें एक उदाहरण आज मी श्रोत्यांपुढें ठेवणार आहें. तें आहे छायाचित्रें घेण्याच्या साध्या पेटीचें, म्हणजे ज्याला आपण बॉक्स कॅमेरा म्हणत असूं त्याचें.

या पेटीची किंमत कळण्यासाठीं तिच्या आधींची स्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. १८५१ सालीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर नांवाच्या इंग्रज गृहस्थानें कांचेवर छायाचित्र घेण्याची जी रीत प्रसिद्ध केली, ती पुढें पंचवीसएक वर्षें सर्वत्र चालू होती. कांच स्वच्छ पुसावी, तिच्यावर कलोडियन नांवाचा चिकट द्रव सारखा पसरावा, मग अंधारांत ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यांत बुडवावी, ओलीच कॅमेऱ्यांत घालावी, चित्र घ्यावें, आणि ती वाळण्यापूर्वीं पुन्हां अंधाराकडे धांवत जाऊन धुवावी. हें सारें कांहीं मिनिटांत उरकलें नाहीं तर कांच फुकट. आपल्या उन्हाळ्यांत ती घाई किती वाढत असेल याची कल्पनाच करावी! तरीहि १८५४ सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु डॉ. नारायण दाजी यांच्यासारख्यांनीं ही कला हस्तगत केली. परंतु ते विद्याव्यासंगी लोक होते. बोटें काळीं करून घेण्याची, दहा कांचा फुटल्या तरी अकरावी हातीं घेण्याची त्यांची तयारी होती. ज्याला केवळ आपल्या मुलीचें चित्र हवें होतें, त्यानें हा उपद्व्याप करावा कशाला? तो मुलीला नवें परकर-पोलकें नेसवून चित्रशाळेंत घेऊन जाई. तेथें रंगविलेल्या पडद्यापुढें, परक्या खुर्चीवर, हलूं नकोस अशी ताकीद मिळालेली ती पोर घाबऱ्या डोळ्यांनीं भिंगाकडे बघत राही. चित्र सुबक येई, पण घरांत बागडणारी ती मुलगी त्यांत नसे.

ज्या वर्षीं मुंबईंत ती सोसायटी निघाली, त्याच वर्षीं अमेरिकेंत न्यूयॉर्क संस्थानांत जॉर्ज ईस्टमन याचा जन्म झाला. वडील लहानपणींच वारल्यामुळें चौदाव्या वर्षीं त्याची शाळा सुटली, आणि तो पुढें रॉचेस्टर गांवीं एका बँकेंत कारकून झाला. १८७७ च्या सुमारास सांतो दोमिंगो येथें प्रवासास जाण्याचा त्यानें बेत केला. प्रवासाचीं चित्रें घ्यावींत असें कोणीं सुचविल्यावरून त्यानें सर्व साहित्य विकत घेतलें: मोठ्या खोक्याएवढा कॅमेरा, जाडजूड तिवई, अंधारखोलीसाठीं तंबू, रसायनांच्या बाटल्या, कांचा, कुंड्या आणि पाण्याचा घडा. एका घोड्याच्या पाठीवर लादावें एवढें हें ओझें. प्रवास राहिला तो राहिलाच. पण हें ओझें कमी करण्याचा नाद त्याला लागला. रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरानें १८७१ सालीं कोरड्या कांचेची कल्पना मांडली होती. त्या वाटेनें जाऊन ईस्टमन दिवसा बँकेंत आंकडेमोड करी आणि रात्रीं आईच्या स्वयंपाकघरांत रसायनें शिजवी. थोड्याच वर्षांत तो कोरड्या कांचांचा कारखानदार बनला. पुढें विल्यम वॉकर याच्या साह्यानें त्यानें कांचेच्या ऐवजीं कागदाची लांब फीत गुंडाळून ठेवण्याची युक्ति काढली.

येथपर्यंतची हकीकत कोणाहि शोधकाच्या चरित्रांत शोभेल अशी आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट यापुढची आहे. ही फीत धंदेवाईक छायाचित्रकार आणि मुरलेले हौशी लोक हातोहात घेतील असा ईस्टमनचा होरा होता, आणि तो साफ चुकला. कांचेवर जितकें स्वच्छ चित्र येई तितकें कागदाच्या फितीवर येत नसे; जाणत्यांनीं ती नाकारली. त्याच्या जागीं दुसरा एखादा यंत्रप्रेमी असता, तर या जाणत्यांचें समाधान होईपर्यंत फीत सुधारीत बसला असता. ईस्टमननें गिऱ्हाइकच बदललें. मोठा धंदा करावयाचा तर सर्वसामान्य लोकांपर्यंतच गेलें पाहिजे, हें त्याच्या ध्यानांत आलें. ज्यांनीं कधींच छायाचित्र घेतलेलें नाहीं, त्यांना कांचेवरचें चित्र किती रेखीव असतें याची चिंता कोठून असणार?

१८८८ सालीं त्यानें जी पेटी विकावयास काढली, तिचें नांव कोडॅक. या शब्दाला कोणत्याहि भाषेंत अर्थ नाहीं. 'के' हें अक्षर ईस्टमनला आवडे, म्हणून तें त्यानें दोन्ही टोंकांस बसविलें. पेटी हातांत मावेल एवढी. दोरी ओढली कीं झडप सज्ज होई, कळ दाबली कीं चित्र उठे, किल्ली फिरविली कीं फीत पुढें सरके. एवढ्या तीन क्रिया. भिंगाचें अंतर जुळविणें नाहीं, उजेडाचा हिशेब नाहीं, चित्रांत काय येणार हें पाहण्याची खिडकीहि नाहीं. आंत शंभर चित्रांची फीत भरलेली असे. तीं संपलीं कीं सबंध पेटीच रॉचेस्टरला पाठवावयाची. कारखान्यांत फीत काढून धुवीत, चित्रें छापीत, पेटींत नवी फीत भरीत, आणि १० डॉलर घेऊन सर्व कांहीं परत पाठवीत. कळ तुम्हीं दाबावी, बाकीचें आम्हीं पाहूं, अशा अर्थाची त्या वेळची जाहिरात जगप्रसिद्ध आहे.

आतां या 'बाकीचें' या शब्दाकडे जरा निरखून पाहूं. पहिल्या कोडॅकमधील फीत धुणें हें कांचेपेक्षां सोपें नव्हतें. उलट अधिक कठीण होतें. कागदावरील चित्राचा नाजूक पापुद्रा ऊन पाण्यांत सोडवून पारदर्शक पृष्ठावर चढवावा लागे, आणि तो फाटला कीं चित्र गेलें. १८८९ सालीं सेल्युलॉइडची फीत निघाली तेव्हां हें संकट टळलें. म्हणजे छायाचित्रणांतली अडचण ईस्टमननें नाहींशी केली असें नव्हे. ती त्यानें गिऱ्हाइकाच्या घरांतून उचलून आपल्या कारखान्यांत नेली. कॅमेऱ्याबरोबर दिलेल्या पुस्तिकेंत त्यानें स्वतःच हें स्वच्छ लिहिलें आहे कीं, कोणालाहि करतां येईल असा छायाचित्रणाचा भाग, आणि केवळ तज्ज्ञालाच साधेल असा भाग, यांची फारकत करणें हेंच या पद्धतीचें तत्त्व होय. माझ्या मतें त्याच्या सर्व शोधांत मोठा शोध हाच. ही फारकत कोठें करावी हें ज्याला कळत नाहीं, तो यंत्रावर दहा कळा बसवितो आणि लोक अडाणी आहेत म्हणून रुसतो.

त्या पहिल्या पेटींतून निघणारें चित्र वाटोळें असे, अडीच इंच व्यासाचें. भिंगाच्या कडेला चित्र धूसर होई, तो भाग वर्तुळामुळें वगळला जाई. शिवाय नवशिक्यानें पेटी वांकडी धरली, तरी वाटोळ्या चित्रांत तें सहसा डोळ्यांवर येत नसे. चौकटीच्या चित्रांत कललेलें क्षितिज धरणाराची फजिती उघड करतें. वर्तुळ ती पोटांत घालतें. गिऱ्हाईक चुकणारच हें गृहीत धरून त्याची लाज राखणारी ही योजना मला फार सभ्य वाटते.

मात्र ही पेटी स्वस्त नव्हती. २५ डॉलर ही रक्कम त्या काळच्या मजुराला कित्येक दिवस राबून मिळे. खरा फरक पडला तो १९०० च्या फेब्रुवारींत, 'ब्राउनी' निघाली तेव्हां. फ्रँक ब्राउनेल यानें रचलेली ही पेटी पुठ्ठ्याची, वरून नकली कातडें चढविलेली. किंमत १ डॉलर, आणि सहा चित्रांची फीत १५ सेंटांस. पामर कॉक्स याच्या चित्रांतील ब्राउनी नांवाचे खट्याळ बुटके त्या वेळीं मुलांच्या ओळखीचे होते. त्यांचेंच नांव तिला दिलें, कारण ती मुख्यतः मुलांसाठीं होती. पहिल्याच वर्षांत दीड लाखांवर पेट्या खपल्या. फीत आतां उजेडांतहि बदलतां येत असल्यामुळें सबंध पेटी कारखान्याला धाडण्याची गरज राहिली नव्हती.

जाणत्यांनीं नाक मुरडलें हें सांगावयास नकोच. न्यूयॉर्कचा थोर छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यानें, वाटेल त्यानें कळ दाबून चित्र काढण्याचें हें वेड सायकलीच्या नव्या वेडामुळें आतां ओसरूं लागलें आहे, अशा आशयाचा शेरा १८९७ सालीं दिला होता. हा केवळ तुसडेपणा नव्हता. १८९३ च्या फेब्रुवारींत हा मनुष्य स्वतः हातांतलाच कॅमेरा घेऊन हिमवर्षावांत फिफ्थ ॲव्हेन्यूवर तीन तास उभा राहिला होता, हवा तो क्षण येईपर्यंत. तीन तास थंडींत कुडकुडलेल्या माणसाला, तीन सेकंदांत चित्र घेऊन सरबत प्यावयास जाणाऱ्यांचा राग यावा हें मला समजतें. पण त्याची एक चूक झाली. हे लोक आपल्याच वाटेनें येऊन अर्ध्यावर थांबले आहेत असें त्याला वाटलें. ते त्या वाटेनें निघालेच नव्हते. त्याला उत्तम चित्र हवें होतें. त्यांना बाळाचें पहिलें पाऊल, म्हातारीचें हंसणें, दाराशीं बांधलेलें कुत्रें हवें होतें. धूसर चित्रांतहि आई आपलें मूल ओळखते.

दुसऱ्या एका तक्रारींत अधिक तथ्य होतें. पेटी लहान झाली तशी ती न विचारतां कोणावरहि रोखतां येऊं लागली. सॅम्युएल वॉरेन व लुई ब्रँडाइस या दोघां कायदेपंडितांनीं १८९० सालीं खाजगी जीवनाच्या हक्कावर जो गाजलेला निबंध लिहिला, त्यांत अशा क्षणचित्रांचा व वर्तमानपत्रांचा उल्लेख आहे. तो वाद आजहि मिटलेला नाहीं.

आणि तरीहि, जाणता मनुष्य जेथें नसतो तेथें ही पेटी असते. १९१२ च्या एप्रिलांत टायटॅनिक बुडाली, तेव्हां तिच्या उतारूंना वांचविण्यास धांवलेल्या कार्पेथिया जहाजावर बर्नीस पामर नांवाची सतरा वर्षांची कॅनेडियन मुलगी होती. तिच्याजवळ भेट मिळालेली ब्राउनी होती. हिमनगाचीं आणि वांचलेल्या माणसांचीं चित्रें तिनें घेतलीं, आणि पुढें त्यांचे हक्क तिच्याकडून अवघ्या १० डॉलरांस घेण्यांत आले. तिवई, तंबू आणि पाण्याचा घडा घेऊन कोणी त्या डेकवर गेलें नसतें.

ईस्टमनच्या कंपनीवर २०१२ सालीं दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेण्याची पाळी आली, कारण फीतच जगांतून उठत चालली होती. आतां कळहि उरली नाहीं. टेलिफोनच्या कांचेवर बोट टेकलें कीं झालें. पण आपल्याकडे मधल्या काळांत जी पेटी मध्यमवर्गाच्या घरीं आली, ती बहुतेक बडोद्यास तयार होणारी आग्फा 'क्लिक थ्री'. बारा चित्रांची फीत, आणि उजेडासाठीं ऊन व ढग अशा दोन खुणा. साताऱ्यास आमच्या आत्याबाईंना त्यांच्या मुलानें ती पहिल्या पगारांतून आणून दिली होती. आत्याबाईंना विजेचा दिवा बंद करावयाचा तरी हाताला पदर गुंडाळण्याची संवय. पण ही पेटी त्यांनीं पहिल्याच दिवशीं निर्धास्तपणें उचलली. एक फीत त्या वर्षभर पुरवीत. ती संपली कीं मी ती पेठेंतल्या फोटोवाल्याकडे धुवावयास देई. बाकीचें तो पाही. बारांपैकीं तीन-चार चित्रें वायां गेलेलीं असत, पण तीहि त्या टाकूं देत नसत.

एकच नियम त्यांनीं पाठ केला होता: सूर्य आपल्या पाठीशीं असावा. तो त्यांनीं अखेरपर्यंत पाळला. त्या वारल्यावर आम्हीं त्यांची तसबीर शोधूं लागलों, तर ट्रंकेंत सर्वांचीं चित्रें सांपडलीं, त्यांचें स्वतःचें एकहि नाहीं. पेटी नेहमीं त्यांच्याच हातांत असे. मात्र तिसऱ्या प्रहरीं अंगणांत घेतलेलें एक चित्र आहे. त्यांत आम्हीं पांच भावंडें तुळशीवृंदावनाशीं डोळे बारीक करून उभीं आहोंत, आणि आमच्या पायांपर्यंत, सारवलेल्या अंगणावर, एक लांब सावली आलेली आहे: डोक्यावरून पदर, आणि दोन्ही कोपरें बाहेर काढून डोळ्यांपाशीं धरलेली ती पेटी.