पिशवी काढली, विषय संपला?

अमरावतीचं डफरीन आणि अकोल्याचं लेडी हार्डिंग ही नावं तुमच्या घरात आजीच्या काळापासून असतील. पाटीवर 'जिल्हा स्त्री रुग्णालय' असलं तरी व्हाइसरॉयांच्या बायकांची ही नावं वऱ्हाडात अजून टिकून आहेत. अशा सरकारी दवाखान्यांत किंवा खासगीत 'पिशवीचं ऑपरेशन' झालेल्या बाया आपल्याकडे घरोघरी भेटतात. बहुतेकींना कॅन्सर नसतो. पाळीत फार जाणं, फायब्रॉइडच्या गाठी, अंग बाहेर येणं अशी कारणं असतात. पण दहा वर्षांनी पोट दुखतं म्हणून आल्या आणि आधी कुठलं ऑपरेशन झालंय का विचारलं, तर सांगतात, "नाही, काहीच नाही." पिशवीचं ऑपरेशन त्यांच्या हिशेबातच नसतं!

आता थोडं मागे जाऊ. 1853 मध्ये अमेरिकेतल्या लॉवेल गावी डॉ. वॉल्टर बर्नहॅम यांनी अंडाशयाची गाठ समजून एका बाईचं पोट उघडलं. क्लोरोफॉर्मखाली तिला उमासे आले आणि गर्भाशयाची गाठच बाहेर आली. ती परत आत जाईना, म्हणून पिशवी काढावी लागली. ती बाई जगली, आणि त्या काळात हे नवलच होतं. रक्तस्राव आणि पू यांनीच रुग्ण दगावत, तिथे आतड्यांचा विचार कोण करणार? जंतुनाशकं आणि चांगली भूल आली, बाया वाचू लागल्या, तेव्हा उशिरा होणारे त्रास दिसायला लागले.

त्यातला मोठा त्रास म्हणजे आतडी चिकटणं. पोटाच्या आतलं नाजूक अस्तर दुखावलं की तिथे चिकट थर जमतो. शरीर तो काही दिवसांत विरघळवतं. नाही विरघळला तर त्याचे पट्टे बनतात. पिशवी काढल्यावर रिकाम्या झालेल्या जागेत लहान आतड्याचे वेटोळे उतरतात आणि त्या पट्ट्यांत अडकू शकतात.

याला हातभार लावला चक्क हातमोज्यांनी. बाल्टिमोरचे सर्जन हॅल्स्टेड यांनी 1889-90 च्या सुमारास रबरी मोजे करवून घेतले, ते एका नर्सचे हात औषधाने सोलवटत होते म्हणून. मोजे सहज चढावेत यासाठी पुढे त्यांत पावडर आली, आधी टाल्क, मग स्टार्च. ती पोटात सांडली की अस्तर सुजून चिकटायचं. अमेरिकेने पावडरच्या मोज्यांवर बंदी घातली ती थेट जानेवारी 2017 मध्ये. मात्र पावडर गेली म्हणून धोका संपला नाही. 1988 पासून दुर्बिणीने पिशवी काढता येते, त्यात चिकटणं कमी होतं, पण होतं.

म्हणून ऑपरेशन खरंच हवं का, हे आधी विचारा. बीडमध्ये 2019 च्या सरकारी पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. गोळ्या, तांबीसारखं हार्मोनचं साधन, फक्त गाठ काढणं, असे पर्याय अनेकदा असतात.

आणि ऑपरेशन झालं असेल, तर कितीही वर्षांनी पोटात कळा येऊन थांबत असतील, पोट फुगलं, उलट्या होताहेत, वारा सरत नाही, संडास होत नाही, तर जुलाब घेऊ नका, पोट चोळून घेऊ नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. नाकातून नळी आणि सलाईनवर बऱ्याच जणींचं आतडं सुटतं. आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असेल तर मात्र काही तासच हाती असतात. ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्यात दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, ताप आला, तर आतड्याला इजा झालेली असू शकते. हे क्वचित घडतं, पण तेव्हाही थांबू नका.

डिस्चार्ज कार्ड हरवलं असेल तर निदान साल आणि दवाखान्याचं नाव एका कागदावर लिहून आधार कार्डाच्या पाकिटात ठेवा.