डीएनएचे सांधे: प्रस्तावना

पेशी दुभंगण्याआधी तिला आपल्या संपूर्ण डीएनएची, म्हणजे सुमारे सहाशे कोटी जोड्यांची, प्रत काढावी लागते. नव्या दोन धाग्यांपैकी एक सलग वाढतो. दुसरा शे-दोनशे न्यूक्लिओटाइडांच्या तुकड्यांत तयार होतो. ओकाझाकींच्या नावाने ओळखले जाणारे हे तुकडे सांधते ते डीएनए लायगेज हे विकर. १९६७ मध्ये अनेक प्रयोगशाळांना ते जवळपास एकाच वेळी गवसले.

माणसात लायगेजची तीन जनुके आहेत: १, ३ आणि ४. क्रमांक २ हा ३चाच अंश निघाला. तिघांची रीत एकच. एटीपीकडून एएमपी घ्यायचा, तो चिरेच्या एका टोकावरील फॉस्फेटवर चढवायचा आणि दुसऱ्या टोकाशी बंध जुळला की सोडून द्यायचा. रीत एक, तरी बिघाडातून होणारे आजार मात्र निरनिराळे. असे का, हा या विषयाचा गाभा आहे.

उत्तर मिळते ते कामाच्या जागेत. लायगेज १ प्रामुख्याने प्रत काढताना लागते. त्याच्या दोषामुळे वाढ खुंटलेल्या व प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्या एका रुग्णाची जनुकीय ओळख १९९२ मध्ये पटली. लायगेज ३ तंतुकणिकांमध्येही काम करते, म्हणून त्याच्या दोषाची झळ आतडी आणि मेंदूला बसते. लायगेज ४ दोन्ही धागे तुटल्यावर टोके जोडते; प्रतिपिंडांची जनुके घडतानाही तेच लागते. म्हणून लायगेज ४ सिंड्रोममध्ये लहान डोके, दुबळी प्रतिकारशक्ती आणि किरणोत्सर्ग न सोसणे ही लक्षणे एकत्र दिसतात. याचा पहिला रुग्ण ल्युकेमियावरील रेडिएशनच्या अतितीव्र परिणामामुळे लक्षात आला.

लायगेज ४ पूर्णपणे नसलेले उंदीर गर्भातच मरतात. रुग्ण जगतात, कारण त्यांच्यात थोडी क्षमता शिल्लक असते. त्यामुळे उत्परिवर्तन सापडले म्हणजे निदान संपले असे होत नाही. विकर किती उरले आहे, हे पेशींवर मोजावे लागते.

आजार अप्रभावी असल्याने वाहक आईवडील निरोगी दिसतात. जवळच्या नात्यातील विवाहांत दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते. म्हणून जीवरसायनाच्या विद्यार्थ्याने कुटुंबाचा इतिहास वाचायला शिकावे आणि डॉक्टरांनी विकराची रीत समजून घ्यावी. किरणोपचाराची किंवा अस्थिमज्जा रोपणापूर्वीच्या औषधांची मात्रा ठरवताना हीच जाण रुग्णाचा जीव वाचवू शकते. दोन्ही वाटांनी येणाऱ्यांचे या विषयात स्वागत आहे.