समुद्र बंद कधी होतो? वसईच्या होड्या आणि आगोट

मागच्या वेळी आपण किल्ल्याच्या तटावर होतो, आज जरा खाली, पाचूबंदरच्या किनाऱ्यावर उतरू. मे महिन्याच्या शेवटी तिथे गेलात तर होड्या वाळूवर ओळीने लागलेल्या दिसतील. कुणी तळ खरवडतोय, कुणी झाकण बांधतोय. याला आपल्याकडे होडी शाकारणं म्हणतात. घर शाकारतात तोच हा शब्द, हे लक्षात घ्या. पावसाआधी घराला जे लागतं, तेच होडीला लागतं.

हे करायचं कशासाठी? लाकडी होडीला शत्रू तीन. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा किडा, शास्त्रात त्याला टेरेडो म्हणतात. होडी बाहेर काढली की तो मरतो, पण मग दुसरा शत्रू येतो, पावसाचं गोडं पाणी. ते आत साचलं की फळ्या कुजतात, म्हणून तळाचं बूच काढून ठेवायचं. आणि तिसरं ऊन. उन्हाने लाकूड आकसतं, सांधे उघडतात. त्या सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवायचा, पूर्वी वरून चुना आणि तेलाचा लेप द्यायचा. झावळ्यांचं छप्पर सावलीही देतं आणि हवाही खेळू देतं. ताडपत्री पाणी चांगलं अडवते, पण घट्ट बांधली तर आत दमट वाफ कोंडते. स्वस्त पडली म्हणून झावळी गेली. लाकडाला विचारलं असतं तर ते झावळीच्या बाजूने बोललं असतं, असं मला वाटतं.

इंजिनं आली तशी यात भर पडली. टाकीतलं डिझेल, बॅटरी, खाऱ्या पाण्याने गंजणारे भाग. कॅनडात बर्फावर चालणारी गाडी लोक उन्हाळ्यात ठेवून देतात, तेव्हा हेच करतात म्हणे: इंधनाची काळजी घ्यायची, तेल फिरवायचं, बॅटरी काढायची, झाकायचं. त्यांचा हंगाम बर्फ वितळल्यावर संपतो, आपला पाऊस आल्यावर.

आता इतिहासाकडे येऊ. हे फक्त कोळ्यांचं घरगुती काम नव्हतं, राज्यकर्त्यांचीही चिंता होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. समुद्र खवळण्याआधीच आरमाराने सुरक्षित बंदरात छावणी करावी, असं त्यात बजावलंय. जहाजं पावसाळ्यात गमावली तर लढाई न होताच आरमार गेलं, इतकी ही गोष्ट मोठी होती.

आणि आपल्या वसईचंच बघा. चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे पोर्तुगीजांनी १६ मे १७३९ रोजी शरणागतीचा तह केला आणि २३ मेला किल्ला सोडून ते जहाजांनी निघाले. मृग लागायला जेमतेम दोन आठवडे होते. तुम्ही म्हणाल, योगायोग. असेल. पण आणखी महिनाभर वेढा लांबला असता, तर समुद्राची वाट दोन्ही बाजूंना बंद झाली असती. हरलेल्यांना निघायला पाणी हवं होतं आणि जिंकणाऱ्यांना पावसात खंदकात बसायचं नव्हतं. या तहाचा विचार करताना आपण तोफा मोजतो, पंचांग उघडत नाही.

तर मूळ प्रश्न: समुद्र बंद झाला हे ठरवतं कोण? पूर्वी उत्तर होतं, चंद्र. जड होडी वर ओढायची तर उधाणाची भरती लागते, म्हणजे अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपासची. भांगाच्या भरतीला पाणी तेवढं वर चढत नाही. समुद्र उघडायचा तोही नारळी पौर्णिमेला. आज महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ आहे आणि यांत्रिक नौकांना बंदीचा काळ आहे १ जून ते ३१ जुलै. माशांच्या प्रजननासाठी बंदी हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण तारीख कागदाची आहे आणि भरती चंद्राची.

२०२३ साल घ्या. अमावास्या १९ मेला, पुढची पौर्णिमा ४ जूनला. म्हणजे ३१ मे पडला भांगाच्या बाजूला. आता होडीवाल्याने करायचं काय? २०-२१ मेच्या उधाणाला होडी वर घ्यायची तर हंगामाचे दहा दिवस बुडाले. शेवटच्या दिवसापर्यंत मासे धरायचे तर होडी पाण्यातच, पुढच्या उधाणापर्यंत. आणि त्या वर्षी ६ जूनला अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ तयार झालं. क्रेन आणता येते, पण तिचे पैसे कोण देणार?

दुसरं टोकही तसंच. त्या वर्षी अधिक श्रावण होता, त्यामुळे नारळी पौर्णिमा थेट ३० ऑगस्टला. सरकारी समुद्र उघडला १ ऑगस्टला, म्हणजे पूर्ण महिनाभर आधी. २०२० मध्ये हीच पौर्णिमा ३ ऑगस्टला होती, तेव्हा फरक दोन दिवसांचा. जुन्या रीतीने थांबायचं ठरवणाऱ्याला एका वर्षी दोन दिवस, दुसऱ्या वर्षी महिना मोजावा लागतो. शेजारच्याची होडी गेली की थांबणं आणखी कठीण होतं, कारण पहिला बाजार त्याला मिळतो. मग १ ऑगस्टला वारा कसाही असो, दोऱ्या सुटतात, ताडपत्री उतरते, बूच परत ठोकलं जातं.