वेशीच्या आत आणि बाहेर

चंद्रपूर शहराच्या जुन्या परकोटास चार वेशी व पाच खिडक्या आहेत. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा व अंचलेश्वर या त्या वेशी होत. कोट बांधणे म्हणजे कोणास आत घ्यावयाचे आणि कोणास बाहेर ठेवावयाचे, याचा निवाडा करणे. परंतु या नगराच्या स्थापनेची दंतकथा एका रोगजर्जर राजाची आहे. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याचे सर्वांग व्रणांनी भरले होते. बल्लारपूरहून तो शिकारीस गेला असता तहानेने व्याकूळ होऊन झरपट नदीच्या पात्रातील एका डबक्यापाशी आला. त्या पाण्याने त्याचे व्रण नाहीसे झाले, आणि पुढे तेथेच अंचलेश्वराचे देऊळ व चांदा नगर उभे राहिले. या कथेचे ऐतिहासिक मोल काहीही असो. व्याधिग्रस्ताने ज्या पाण्यात अंग धुतले त्यास लोकांनी तीर्थ मानले, विटाळ मानला नाही, एवढे तीत निश्चित दिसते.

पुढे काळ पालटला. १८९८ मध्ये इंग्रज सरकारने महारोग्यांसंबंधी कायदा केला. महारोग्याने खाद्यपदार्थ विकू नयेत, सार्वजनिक विहिरीचे वा तलावाचे पाणी घेऊ नये, भाड्याच्या गाडीत बसू नये, अशी मनाई करण्याचा अधिकार त्या कायद्याने प्रांतिक सरकारांस मिळाला. बाजार, पाणवठा आणि रस्ता ही गावाची तीन समाईक स्थाने होत. तिन्हींची दारे एका कलमाने बंद करता येऊ लागली. रोगावर खात्रीचा उपाय नव्हता, म्हणून रोगी दृष्टीआड करणे हाच उपाय ठरला.

याच चांदा जिल्ह्यातील वरोऱ्यास मुरलीधर देवीदास तथा बाबा आमटे हे वकिली करीत व नगरपालिकेचे उपाध्यक्षही होते. त्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापिली. सहा रोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर खडकाळ माळरानात आनंदवनाचा आरंभ झाला, व जून १९५१ मध्ये विनोबा भावे यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पहिले मोठे काम विहीर खणण्याचे होते. ज्यांना गावच्या विहिरीवर जागा नव्हती, त्यांनी झडलेल्या बोटांनी कुदळ धरून स्वतःचे पाणी काढले.

महारोगात मज्जातंतू निकामी होतात व हातापायांची संवेदना जाते. चटका बसला तरी कळत नाही. उंबऱ्याची ठेच लागली तरी जखम ध्यानात येत नाही व ती चिघळते. बोटे गेलेल्या हातास गोल मूठ फिरवता येत नाही. लांब दांड्याची कडी मात्र मनगटाने दाबता येते. निरोगी माणसाच्या लेखी जे क्षुल्लक, त्यावर दुसऱ्याचे स्वावलंबन अवलंबून असते. आनंदवनातील घरे व कार्यशाळा बांधण्यात हेच लोक मजूर व गवंडी झाले. पुढे अंध व मूकबधिर मुलांच्या शाळाही तेथे निघाल्या.

आरंभी आनंदवनची भाजी घेण्यास वरोऱ्याचे लोक कचरत. १९५० नंतरच्या दशकात ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक तेथे राहून बांधकामास राबले, तेव्हा ती भीती ओसरू लागली. १९६४ मध्ये तेथे महाविद्यालय निघाले आणि गावची निरोगी मुले शिकावयास महारोग्यांच्या वसाहतीत येऊ लागली. वेशीबाहेर घातलेल्यांनीच आपली वेस गावासाठी उघडली.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था स्थापिली. रानातील गोंड लोक इस्पितळात का येत नाहीत, असे त्यांनी त्या लोकांसच विचारले. उत्तर मोठे बोधप्रद मिळाले. टोलेजंग इमारतीत माणूस भांबावतो. नातलगांस बाहेर काढून रोग्यास एकटे निजवतात. डॉक्टर व परिचारिका पांढरी वस्त्रे घालतात, आणि पांढरे वस्त्र तर प्रेतास गुंडाळावयाचे. शिवाय तेथे देव नाही. या इमारतीस पायरी एकही नसती, तरी ती या लोकांस दुर्गमच राहिली असती. म्हणून चातगावजवळील शोधग्रामात रुग्णालय आदिवासी पाड्यासारखे, झोपड्यांच्या रूपाने बांधले गेले. नातलगांस राहण्याची सोय झाली आणि नाव दिले गेले माँ दंतेश्वरी दवाखाना.

कायद्यास हे शहाणपण उशिरा सुचले. १८९८ चा कायदा २०१६ मध्ये देशाच्या कायद्यांतून निघाला, आणि त्याच वर्षी झालेल्या दिव्यांग हक्क कायद्याने कुष्ठमुक्त व्यक्तींसही हक्कदारांत गणले. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यास त्याने नियमांपासून पाच वर्षांची मुदत दिली. ती २०२२ मध्ये सरली. सुगमतेचे नियम केवळ शिफारशीदाखल असून भागणार नाही, ते बंधनकारक हवेत, असे नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयास सांगावे लागले. एक हात उंची चढावयास बारा हात लांबीचा उतार हवा, हे गणित कोणासही शिकता येते. परंतु हा उतार कोणासाठी, हे त्या माणसास विचारल्यावाचून कळत नाही. वरोऱ्याचा माळ आणि गडचिरोलीचे रान यांनी गेल्या पाऊणशे वर्षांत हाच धडा घालून दिला आहे.