मृत सेवकाच्या कुटुंबाचा हक्क

आपल्या समाजातील कित्येक कुटुंबांचा निर्वाह सरकारी चाकरीवर चालत आला आहे. कर्ते माणूस सेवेत असता निवर्तले, तर मागे राहिलेल्यांस सरकारने काय द्यावे व ते कोणाच्या हाती द्यावे, हा प्रश्न आजचा नव्हे. त्याचा इतिहास ज्ञातिबांधवांपुढे थोडक्यात मांडण्याचे योजिले आहे.

सभासद बखरीत असे वर्णन आहे की, १६५९ साली अफझलखानाचा मोड झाल्यावर शिवछत्रपतींनी लढाईत पडलेल्यांच्या पुत्रांस चाकरीत घेण्याची, व ज्यांस पुत्र नव्हते त्यांच्या स्त्रियांस निम्मे वेतन देण्याची आज्ञा केली. पेशवाईत अशा वीरांच्या मुलाबाळांच्या पोषणार्थ जी नेमणूक होई, तिला ‘बालपरवेशी’ म्हणत. हा राजधर्म थोर खरा. परंतु देणे राज्यकर्त्याच्या मर्जीवर अवलंबून असे. इंग्रजी अमलात १८७१ च्या पेन्शन कायद्याने तर अशा नेमणुकीविषयीचा दावा अधिकाऱ्याच्या दाखल्यावाचून दिवाणी न्यायालयात चालविण्यास मज्जाव केला.

मर्जीचा हक्क होण्यास स्वातंत्र्य यावे लागले. केंद्र सरकारने १ जानेवारी १९६४ पासून कुटुंब-निवृत्तिवेतनाची नवी योजना लागू केली. तीत सेवकास दोन महिन्यांच्या वेतनाइतकी रक्कम सोडावी लागे. ही अट १९७७ साली रद्द झाली. निवृत्तिवेतन ही सरकारची खैरात नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली सांगितले. आणि १९६४ पूर्वीच्या सेवकांच्या ज्या विधवा योजनेबाहेर राहिल्या होत्या, त्यांनाही १९८५ च्या निकालाने तिचा लाभ मिळाला. आज जुन्या निवृत्तिवेतन नियमांखालील केंद्रीय सेवक सेवेत वारल्यास त्याच्या कुटुंबास दहा वर्षे अखेरच्या मूळ वेतनाच्या निम्मे, व पुढे शेकडा ३० इतके वेतन मिळते. छत्रपतींच्या त्या निम्म्या वेतनाची येथे सहज आठवण होते.

आता हे कोणास मिळते? येथेच अनेक घरे फसतात. हे वेतन मृताची मिळकत नव्हे, म्हणून ते मृत्युपत्राने दुसऱ्यास देता येत नाही. पत्नीशी न पटल्यामुळे भावाच्या नावे मृत्युपत्र केलेल्या एका रेल्वे सेवकाच्या प्रकरणात १९९१ साली हाच निर्णय झाला, आणि विधवेचा हक्क कायम राहिला. नियमांत क्रम ठरलेला आहे : प्रथम पत्नी अथवा पती, नंतर मुले, त्यानंतर अवलंबून असलेले आईबाप. पहिली पत्नी हयात असता केलेला दुसरा विवाह हिंदू कायद्यात रद्दबातल असल्याने त्या स्त्रीस काही मिळत नाही. तिच्या मुलांस मात्र वाटा मिळतो, असे २००० साली ठरले. मातेचे पाप लेकरांच्या माथी मारू नये, ही दृष्टी योग्यच होय; परंतु फसवून लग्न लावलेल्या त्या स्त्रीने कोणाकडे पाहावे, याचे उत्तर नियमांत नाही.

भविष्यनिर्वाह निधीची व विम्याची गोष्ट निराळी. तेथे सेवक नामनिर्देशन करतो. परंतु निधीत ज्याचे नाव लिहिले तो रक्कम केवळ स्वीकारणारा, धनी नव्हे. वाटणी वारसा कायद्याप्रमाणेच होते. विम्याविषयी १९८४ साली न्यायालयाने असेच सांगितले होते, पण २०१५ च्या कायदादुरुस्तीने विम्याचा तो नियम जवळच्या कुटुंबीयांपुरता बदलला; भविष्यनिर्वाह निधीविषयी २००९ साली न्यायालयाने हे स्पष्ट केले. या दुसऱ्या प्रकरणात विवाहापूर्वी लिहिलेले आईचे नाव तसेच राहिले होते, आणि सासू-सुनेस न्यायालयाची पायरी चढावी लागली.

नियमही काळाबरोबर बदलतात. पतीविरुद्ध घटस्फोटाचा अथवा कौटुंबिक छळाचा खटला चालू असल्यास स्त्री-सेविकेस पतीआधी मुलांस हे वेतन मिळावे अशी विनंती करण्याची मुभा २०२४ च्या आरंभी मिळाली.

हक्क मिळाला, तरी तो कागदावाचून हाती येत नाही. विवाह, अपत्यजन्म वा मृत्यू घडताच कुटुंबाचा तपशील कचेरीत नोंदवावा, जुने नामनिर्देशन पाहून घ्यावे आणि ते कागद कोठे आहेत हे पत्नीस सांगून ठेवावे. यास अशुभ मानू नये. मागे राहणाऱ्यांची सोय हयातीत लावणे हेच गृहस्थाचे कर्तव्य होय.