शिल्लक रजेचे पैसे

मुंबईच्या कापडगिरण्यांत एकोणिसाव्या शतकात न आलेला दिवस म्हणजे खाडा. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे 10 जून 1890 रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. भरपगारी रजेचा हक्क मात्र त्यानंतरही अर्धशतक कायद्यात नव्हता. पेरणीला किंवा शिमग्याला गावी गेलेल्या कामगाराला परतल्यावर साचा (माग) मिळेल की नाही, हे जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या मर्जीवर असे.

कारखाने कायद्याच्या 1945 च्या दुरुस्तीने कारखान्यांत वर्षभराच्या सलग नोकरीनंतर 10 दिवसांची भरपगारी रजा आली. 1948 च्या कारखाने अधिनियमाने प्रौढ कामगाराला कामाच्या दर 20 दिवसांमागे एक दिवस दिला. पुढे त्यासाठी वर्षात 240 दिवस हजेरीची अट ठरली. ज्यांना महिन्यातून मोजकेच दिवस काम मिळे, त्या बदली कामगारांना ही अट जाचकच होती.

नोकरी सुटली तर शिल्लक रजेचे काय, हा खरा तंट्याचा प्रश्न. मालकाने काढून टाकले किंवा मागूनही रजा न दिल्याने कामगाराने नोकरी सोडली, तर तिचे पैसे देणे बंधनकारक होते. वर्षाच्या मध्येच काढलेल्या कामगाराला तोवरच्या कामाच्या प्रमाणात रजा मिळे. स्वतःहून सोडणारा आणि नोकरीत असताना मरण पावणारा यांचा त्या तरतुदीत उल्लेख नव्हता. ही उणीव साधी नव्हती, कारण रजा दोघांनीही घाम गाळूनच कमावलेली असे. 1976 च्या दुरुस्तीने ती भरून काढली. राजीनामा देणारा, निवृत्त होणारा आणि मृताचा वारस, सगळे हक्कदार झाले. काढल्यास किंवा सोडल्यास दुसरा कामाचा दिवस संपण्याआधी, निवृत्ती वा मृत्यूनंतर दोन महिन्यांत पैसे द्यायचे, अशी मुदतही ठरली.

कारखान्यांबाहेर नियम वेगळे आहेत. केंद्र सरकारी नोकरीत निवृत्तीच्या वेळी 300 दिवसांपर्यंतच्या अर्जित रजेचे रोखीकरण होते. राजीनामा दिल्यास शिल्लक अर्जित रजेच्या निम्म्याच दिवसांचे, तेही 150 च्या मर्यादेत. दुकाने व कार्यालयांसाठी महाराष्ट्राच्या 2017 च्या अधिनियमात रजा 45 दिवसांपर्यंत साठवता येते.

एका ग्रामीण बँकेतून राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये निकाल दिला: रजेचे रोखीकरण पगारासारखेच आहे, ती कर्मचाऱ्याची मालमत्ता आहे आणि कायद्याच्या आधाराशिवाय ती हिरावून घेता येणार नाही.