लखनौचा नकाशा, नामका चूची पहाट

२० ऑक्टोबर १९६२, शनिवार. पहाटेचे पाच वाजलेत. कोल्हापुरात अजून गडद काळोख आहे. सूर्य उगवायला जवळजवळ दीड तास अवकाश. दिवाळी आठवड्यावर आली आहे. तालमीत पोरं जोर मारताहेत, गवळी धारा काढायला उठलेत.

त्याच घड्याळात, त्याच पाचच्या ठोक्याला, देशाच्या ईशान्य टोकाला उजाडू लागलंय. देशाची वेळ एकच, पण तिकडचा सूर्य तासाभराहून अधिक आधी येतो. थागला नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी नामका चू ही अरुंद पहाडी नदी वाहते. तिच्या अलीकडच्या काठावर भारतीय जवान खंदकात बसलेत. पलीकडून आकाशात दोन प्रकाशगोळे उडतात.

चिनी हल्ल्याच्या त्या पहाटेला आपण ‘अचानक’ हा शब्द जोडतो. पण कोल्हापूर संस्थानातल्या वडगावच्या पाटलाच्या पोराने ती ९४७ दिवस आधीच नकाशावर मांडून दाखवली होती. म्हणून हा घटनाक्रम नदीकाठी सुरू होत नाही. तो वडगावपासून सुरू करावा लागतो.

१२ ऑगस्ट १९०६ : वडगाव

शंकररावांचा जन्म. पूर्ण नाव शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. लष्करात पुढे ‘एस. पी. पी. थोरात’. त्यातला दुसरा ‘पी’ पाटीलकीचा. वडील डॉ. पांडुरंग चिमणाजी पाटील हे शेतीशास्त्रातलं मोठं नाव. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले आणि ‘पाटील’ म्हणूनच ओळखले गेले. मुलाने थोरात हे आडनाव पुढे चालवलं. घराण्याला माती जोखायची सवय. या घरात तलवारीचा वारसा सांगण्यापेक्षा जमिनीचा उतार, पाण्याची वाट आणि खर्चाचा मेळ यांचीच बोलणी अधिक व्हावीत, हे ओघानेच आलं. डॉ. पाटलांचे नातू यशवंतराव थोरात पुढे नाबार्डचे अध्यक्ष झाले. आजोबा शेतीचे, नातू शेतीच्या पतपुरवठ्याचा, आणि मधला एकच बंदूक खांद्यावर घेऊन बाहेर पडलेला.

१९२६ : सँडहर्स्ट

देहरादूनची अकादमी निघायला अजून सहा वर्षं आहेत. अधिकारी व्हायचं तर इंग्लंडला जायचं, आणि तिथे हिंदी मुलांसाठी जागा मोजक्याच. थोरात तिथून कमिशन घेऊन पंजाब रेजिमेंटमध्ये येतात. कूर्गचे के. एस. थिमय्याही त्याच वर्षी कमिशन घेतात. ही दोन नावं पुढे पुन्हा पुन्हा शेजारी येणार आहेत.

जानेवारी १९४५ : कांगाव, ब्रह्मदेश

आराकानच्या किनाऱ्यालगत ५१ ब्रिगेड जपान्यांशी झुंजते आहे. तिच्या तिन्ही पलटणींचे कमांडर भारतीय आहेत, आणि तेव्हा ही गोष्ट नवलाची होती. थोरात, थिमय्या आणि एल. पी. सेन. थोरातांची पलटण संगिनी लावून मेलरोझ ही टेकडी घेते. तिघांनाही डी.एस.ओ. हे मानाचं पदक मिळतं.

तिसरं नाव ध्यानात ठेवा : सेन.

१९५३ : कोरिया

युद्धबंदी झाली आहे, पण मायदेशी परतायला नकार देणारे हजारो चिनी आणि कोरियन कैदी भारतीय सैन्याच्या ताब्यात आहेत. तटस्थ आयोगाचे अध्यक्ष थिमय्या, पहारा देणाऱ्या दलाचे प्रमुख थोरात. चिनी कैदी एका भारतीय मेजरला ओलीस धरतात. थोरात शस्त्र न घेता कुंपणाच्या आत जातात, संतापलेल्या घोळक्याशी बोलतात आणि मेजरला बाहेर आणतात. यासाठी मिळालेलं अशोक चक्र, वर्ग दोन, आज कीर्तिचक्र म्हणून ओळखलं जातं. चिनी सैनिक कागदावर वाचण्याआधी त्यांनी तो असा हाताच्या अंतरावरून पाहिला होता.

११०८ दिवस आधी : ८ ऑक्टोबर १९५९

थोरात आता लखनौला, लष्कराच्या पूर्व विभागाचे सेनापती. सहा आठवड्यांपूर्वी, २५ ऑगस्टला, लोंगजूच्या ठाण्यावर चिन्यांनी गोळीबार केला आहे. थोरात ईशान्य सीमेच्या संरक्षणाचं टिपण दिल्लीच्या लष्करी मुख्यालयाला पाठवतात. आहे ते सैन्य अपुरं, रस्ते नाहीत, आणि हल्ला झाला तर आघाडीची ठाणी टिकणार नाहीत, हा त्याचा मथितार्थ.

लष्करप्रमुख थिमय्यांना ते पटतं. ते टिपण संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याकडे जातं आणि तिथे थांबतं. मेनन यांना ही भीती अतिरंजित वाटली, चीनला आपण मुत्सद्देगिरीने आवरू असा त्यांचा भरवसा होता, असं थोरातांनी पुढे लिहिलं.

९४७ दिवस आधी : १७ मार्च १९६०, लखनौ

‘लाल किला’ नावाचा युद्धसराव. यात फौजा हलत नाहीत. नकाशे पसरले जातात आणि अधिकारी शत्रूची व आपली चाल मांडतात. थिमय्या स्वतः हजर आहेत. चिनी कोणत्या वाटांनी उतरतील, त्यांचं बळ किती असेल, आपली कोणती ठाणी कोणत्या क्रमाने पडतील, हे सगळं मांडलं जातं.

थोरातांचं म्हणणं कोल्हापूरच्या माणसाला नकाशाशिवायही कळेल. पंचगंगेला पूर येतो तेव्हा आपण नदीच्या काठावर उभे राहून पाण्याशी झुंजत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर गेलं ते बघतो, एकोणचाळीस म्हणजे इशारा, त्रेचाळीस म्हणजे धोका, आणि त्या अंदाजाने जनावरं, दाणे, पोरंबाळं चढावर नेतो. काठावर पाणी मोजायचं आणि तग धरायचा तो उंचवट्यावर.

थोरातांच्या योजनेत सीमेवरची ठाणी म्हणजे अशी पाणी मोजायची खूण होती. त्यांनी इशारा द्यायचा, शत्रूला थोडं खोळंबवायचं आणि मागे यायचं. खरी लढाई बोमडिलाच्या परिसरात आणि तिथून पूर्वेकडे जाणाऱ्या आतल्या फळीवर द्यायची. तिथवर आपले रस्ते पोचतात. शत्रूची रसद मात्र तोवर हिमालय ओलांडून लांबलेली असते, तिला ताण पडतो. सीमेची प्रत्येक वीत सीमेवरच राखायची, हा हट्ट यात नव्हता. राजकारणाला मात्र तोच हट्ट हवा होता.

एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे. या योजनेने युद्ध जिंकलं असतं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. तिलाही जास्त फौज, तोफा आणि वाटा लागणार होत्या. तिचं मोल वेगळं होतं : आपल्याला काय जमणार नाही, ते तिने वेळेवर सांगितलं.

५३० दिवस आधी : मे १९६१

थिमय्या निवृत्त होतात. आपल्यामागे थोरात यावेत ही त्यांची शिफारस. ८ मे रोजी नेमणूक होते ती प्राणनाथ थापर यांची. त्याच महिन्यात थोरातही निवृत्त होतात. लखनौच्या खुर्चीवर येतात कांगावचे सोबती एल. पी. सेन. नव्या जोमात असलेले बी. एम. कौल हे मेनन यांच्या मर्जीतले. मुख्यालयात आता त्यांचा शब्द चालतो. नोव्हेंबरात सरकार ठरवतं की सीमेकडे पुढे पुढे सरकत ठाणी रोवायची. लखनौच्या कागदात जे करू नका म्हटलं होतं, नेमकं तेच धोरण ठरतं.

४२ दिवस आधी : ८ सप्टेंबर १९६२

जूनमध्ये उभारलेलं धोला ठाणं नामका चूच्या काठी आहे. थागलाच्या कड्यावरून चिनी सैनिक खाली उतरतात आणि ठाण्याला वेढा देतात. दिल्लीचा निर्णय : त्यांना हाकलून द्या. हे काम ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी यांच्या ७ ब्रिगेडकडे येतं. पलटणी तवांगकडून डोंगर तुडवत निघतात. उंची दहा हजार फुटांच्या वर, थंडी हाडं गोठवणारी, अनेकांच्या अंगावर सुती गणवेश, माणशी एक कांबळं आणि पन्नास काडतुसं. हे पुढे दळवींनीच लिहिलं.

१० दिवस आधी : १० ऑक्टोबर

आता कमान कौल यांच्या हाती आहे. नव्या चौथ्या कोरचे ते प्रमुख. नदीपलीकडे सेंगजाँगला पाठवलेल्या ९ पंजाबच्या छोट्या तुकडीवर शेकडो चिनी तुटून पडतात. कौल हे डोळ्यांनी पाहतात आणि दिल्ली गाठतात. ११ तारखेच्या रात्री पंतप्रधानांच्या घरी बैठक होते. तोडगा निघतो तो ना इकडचा ना तिकडचा : हल्ला तूर्त नको, पण नदीकाठ सोडायचाही नाही. दुसऱ्या दिवशी सिलोनला निघताना नेहरू पत्रकारांना सांगतात की आपला मुलूख मोकळा करण्याचा आदेश सैन्याला दिलेला आहे.

पाणी चढतंय, आणि माणसं काठावरच बसवून ठेवलीत.

३ दिवस आधी : १७ ऑक्टोबर

उंचीच्या हवेने कौल आजारी पडतात. १८ तारखेला त्यांना विमानाने दिल्लीला नेलं जातं. अंथरुणावरूनच ते कोरचा कारभार पाहतात.

१९ ऑक्टोबर, दिवसभर

थागलाच्या उतारावर चिन्यांची हालचाल आता लपूनछपून राहिलेली नाही. माणसं उतरताहेत, जमताहेत. सप्टेंबरात ओलांडता येत नव्हती ती नदी ऑक्टोबरात आटली आहे. कित्येक जागी पायउतार झाली आहे. पुलांवरच्या पहाऱ्याला आता अर्थ उरलेला नाही.

दळवी फोनवरून वरिष्ठांना विनवतात : ब्रिगेड वरच्या, लढता येईल अशा जागी मागे घेऊ द्या. नकार येतो. मग मी राजीनामा देतो, असंही ते बोलून जातात. काठ सुटत नाही.

१९ ऑक्टोबर, रात्र

पलटणींमध्ये मैलमैलांची अंतरं आहेत. त्या मोकळ्या फटींतून चिनी नदी ओलांडतात, झाडीतून चढतात आणि खंदकांच्या मागे जाऊन बसतात. खंदकांची तोंडं नदीकडे आहेत.

२० ऑक्टोबर, पहाटे ५

दोन प्रकाशगोळे. मागोमाग तोफा आणि उखळी तोफांचा भडिमार. दीडशेहून अधिक तोंडं आग ओकत होती, असं दळवी लिहितात. तारा तुटतात, फोन मुके होतात.

सकाळी ६ च्या सुमारास

भडिमार ओसरतो आणि पायदळ येतं, पण समोरून नव्हे. मागून, वरून. २ राजपूत आणि १/९ गोरखा या पलटणींवर मुख्य घाव बसतो. राजपूत जागच्या जागी वळून लढतात, काडतुसं संपेपर्यंत. त्या दिवशी नदीकाठावर असलेल्या पाचशेवर राजपुतांपैकी २८२ मारले गेले. उरलेल्यांपैकी बहुतेक जखमी किंवा कैदी झाले.

कोल्हापुरात आता तांबडं फुटतंय.

सकाळी ९

संघटित लढाई संपली आहे. चार तासांत ब्रिगेड ब्रिगेड म्हणून उरलेली नाही. दळवी मोजक्या माणसांसह डोंगरात भटकताहेत. २२ तारखेच्या सकाळी ते चिन्यांच्या हाती पडतील.

कोल्हापुरात दुकानांच्या फळ्या निघताहेत. बातमी अजून वाटेत आहे.

२५ ऑक्टोबर ते २१ नोव्हेंबर

तवांग जातं. ३१ ऑक्टोबरला मेनन यांचं संरक्षण खातं जातं. १८ नोव्हेंबरला सेला खिंड सुटते, मग बोमडिलाही जातं. थोरातांनी जिथे खरी फळी मांडायला सांगितली होती तिथे ती नीट मांडलेलीच नव्हती. तिचं बळ आधीच नदीकाठी खर्ची पडलं होतं. २१ नोव्हेंबरला चीन एकतर्फी युद्धबंदी पुकारतो. त्याच सुमारास यशवंतराव चव्हाण, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे एके काळचे विद्यार्थी, संरक्षण खातं हाती घेतात. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, असं महाराष्ट्र अभिमानाने म्हणू लागतो. सह्याद्रीतला एक माणूस तीन वर्षं आधीच धावून गेला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

आणि नंतर

नेहरूंनी थोरातांना दिल्लीला बोलावलं. थोरातांनी ते जुनं टिपण पुढे ठेवलं. पंतप्रधानांनी वाचून विचारलं की हे मला आधी का दाखवलं नाही. याचं उत्तर मेनन देऊ शकतील, असं थोरात म्हणाले. ही भेट त्यांनी ‘फ्रॉम रिव्हिली टू रिट्रीट’ या आत्मचरित्रात नोंदवली आहे, म्हणजे ती त्यांच्याच शब्दांवर उभी आहे, हेही लक्षात ठेवावं. सरकारी हिशेबाने त्या महिन्याभरात १,३८३ जवान मारले गेले, १,६९६ बेपत्ता झाले आणि जवळजवळ चार हजार कैद झाले.

थोरात कोल्हापुरात राहिले. १० ऑगस्ट १९९२ रोजी, शहाऐंशीव्या वाढदिवसाला दोन दिवस उरले असताना, ते गेले. शत्रूला ओळखणारा द्रष्टा म्हणून त्यांचं कौतुक होतं, पण द्रष्टेपणाची गरज नव्हती. रस्ता कुठवर आहे, माणूस किती ओझं वाहतो, नदी कोणत्या महिन्यात आटते : वडगावच्या कुठल्याही शेतकऱ्याने विचारले असते असे हे प्रश्न. ते विचारले गेले होते, उत्तरंही लिहून दिली होती. शेवटचं उत्तर नामका चूने १९ तारखेच्या रात्री दिलं, गुडघाभर पाण्यातून वाट देऊन.